किलोमीटर कमी, इंजिन मात्र थकलेलं

वसई खाडीवरच्या वर्सोवा पुलापाशी मुंबई-अहमदाबाद महामार्ग तुंबला, की ट्रक तासन्‌तास इंच इंच सरकतात. किलोमीटरचा आकडा जेमतेम हलतो. इंजिन मात्र चालूच असतं.

ऑइल कधी बदलायचं, याचं उत्तर त्यामुळे फक्त किलोमीटरमध्ये मिळत नाही. ताशी सरासरी ४० किलोमीटरने धावणारा ट्रक ५०० तासांत २० हजार किलोमीटर कापतो. वालीव-सातिवलीच्या कारखान्यांमधून माल उचलून कोंडीत ताशी १० ने रखडणारा ट्रक तेवढ्याच तासांत फक्त ५ हजार! उभ्या गाडीत इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळी ऑइलमध्ये उतरते आणि थोडं डिझेलही मिसळून ऑइल पातळ होतं. म्हणूनच कंपन्यांच्या पुस्तिकेत खडतर वापरासाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असते. आपल्याकडच्या ट्रकमालकांनी तेच पान आधी उघडावं.

डिपस्टिकवर काळं दिसलं म्हणजे ऑइल संपलं, हा मात्र गैरसमज. काजळी धरून ठेवणं हे ऑइलमधल्या रसायनांचं कामच आहे. खरी स्थिती प्रयोगशाळेतल्या तपासणीतच कळते: काजळी किती, आम्ल मारण्याची ताकद किती उरली, धातूचे कण किती.

१ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठी बीएस-६ निकष लागू झाले. डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर उतरलं, त्यामुळे आम्ल कमी बनतं. पण धुराचा फिल्टर राखेने चोंदू नये म्हणून बीएस-६ इंजिनांना कमी राखेचंच ऑइल लागतं. स्वस्तातलं जुन्या प्रतीचं ऑइल तिथे महागात पडतं.

काढलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा ठरतं. ते गटारात ओतलं तर खाडीत जातं. द्यायचं ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच.