घोण कात टाकते तेव्हा

मागच्या वेळी आपण ‘बदलूनही वस्तू तीच कशी राहते’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. ग्रीकांनी थिसियसच्या जहाजाचा दाखला दिला: एकेक फळी बदलत गेली, मग जहाज तेच का? आपल्याला इतकं लांब जायला नको. भोर-वेल्ह्याकडे भातखाचराच्या बांधावरचा दगड उलटला की खाली घोण असते. (काठीने उलटा बरं का. तिच्या पहिल्या पायांचेच विषारी आकडे झालेले असतात.)

घोणीला पायांच्या बहुधा २१ जोड्या. अंगावरचं कवच हाच तिचा सांगाडा. तो ताणून वाढत नाही, म्हणून टाकावा लागतो. सापाची कात म्हणजे कातडीचा वरचा पापुद्रा. घोणीचं प्रकरण याहून खोल आहे. मिशा, नख्या, आकडे यांवरचं आवरण तर जातंच, पण आतड्याच्या पुढच्या-मागच्या भागांचं आणि श्वासनलिकांचं अस्तरही निघतं. तेव्हा जीर्ण वस्त्राची उपमा इथे तोकडी पडते. वस्त्र अंगाबाहेरचं, हे तर अंगच! शिवाय नवं कवच जुन्याच्या आत आधीच धरलेलं असतं. जुनं गेलं, मग नवं आलं, असा क्रम नाहीच.

हल्ली काही हौशी मंडळी काचेच्या पेटीत माती घालून घोण पाळतात. कात जवळ आली की ती खाणं सोडते, रंग मंदावतो, हालचाल थांबते. पाळणाऱ्याला वाटतं, मेली. मग डोक्याकडे कवच उकलतं, ती पुढे सरकत बाहेर येते आणि कात पायमोज्यासारखी मागे गोळा होते. पुष्कळदा ती कात स्वतःच खाऊन टाकते. बाहेर आलेली घोण फिकी, मऊ. कवच टणक व्हायला काही दिवस जातात. एरवी जिला ती खाते ती नाकतोड्याची जात या दिवसांत तिलाच कुरतडू शकते. म्हणून पेटीत जिवंत भक्ष्य ठेवायचं नाही, माती ओलसर ठेवायची, आणि कात ओढून ‘मदत’ तर मुळीच करायची नाही. घोणीच्या अंगातलं पाणी भराभर उडतं. कोरड्या जागेत कात अडकते, जीव जातो.

गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही, असं आपण म्हणतो. पण यातली खरी गोम वेगळीच आहे. तुटलेला पाय पुढच्या कातीला पुन्हा फुटतो, आधी आखूड, मग एकेका कातीनंतर लांब. जहाजाला फळ्या बसवणारा सुतार जहाजाबाहेरचा होता. इथे सुतार आणि जहाज एकच.

मग पायांच्या संख्येवरून ओळख ठरवावी? घोण अंड्यातून सगळे पाय घेऊनच निघते. न्हाणीघरात दिसणारी लांब पायांची गोम मात्र ४ जोड्या घेऊन जन्मते आणि कात टाकत टाकत १५ वर पोचते. तिच्याबाबतीत तोही आधार सुटतो.