अंथरुणापासून उंबरठ्यापर्यंत

खुब्याच्या कृत्रिम सांध्याचा खरा आरंभ १९६२ च्या नोव्हेंबरात धरला जातो. त्या महिन्यात इंग्लंडातील रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी धातूचा गोळा आणि पॉलिएथिलिनची वाटी यांची जोडी रुग्णाच्या देहात बसविली. तथापि ज्या सांध्याची निर्मितीच चालण्यासाठी, त्याच्या धन्याने पुढे दोन-तीन आठवडे निश्चल पडून राहावे, हा त्या काळचा शिरस्ता होता. विश्रांती म्हणजेच उपचार ही समजूत इतकी दृढ होती की, त्या विश्रांतीतच मांडीचे स्नायू वाळतात आणि पोटरीच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरतात, हे उमगून प्रघात बदलण्यास कित्येक दशके जावी लागली.

आपल्याकडे भौतिकोपचाराची, म्हणजे फिजिओथेरपीची, विद्या सांधेरोपणाच्या आधी पोचली, ती पोलिओच्या निमित्ताने. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिचे शिक्षण सुरू झाले, १९५५ मध्ये हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. परंतु शल्यविशारदाने हुकूम द्यावा आणि फिजिओथेरपिस्टने तो बजावावा, एवढाच अधिकार दीर्घकाळ या विद्येच्या वाट्यास आला. फिजिओ म्हणजे मालिश, हा गैरसमज तर आमच्या इंदापूर तालुक्यात अद्याप सुखेनैव नांदतो.

पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी १९६५ मध्ये अस्थिरोगांचे रुग्णालय काढले आणि कालांतराने ‘इंडस’ हा देशी गुडघा योजिला. गुडघा बदलता येतो ही वार्ता मात्र आमच्या कळस गावच्या पारापर्यंत पोचविली ती तत्कालीन पंतप्रधान वाजपेयी यांनी. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी वाजपेयींचा डावा, आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा बदलला. पुढच्याच महिन्यात वाजपेयी आग्र्याच्या शिखर परिषदेत होते. उरला प्रश्न पैशाचा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत, कर वगळून, ५४,७२० रुपये मुक्रर केली, तेव्हा उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या घरांतही या शस्त्रक्रियेचा हिशेब मांडला जाऊ लागला.

दरम्यान डेन्मार्कात हेन्रिक केलेट यांनी एक साधा प्रश्न लावून धरला होता: रुग्ण आज रुग्णालयात का आहे? वेदना, चक्कर, अशक्तपणा, मळमळ अशी उत्तरे निघाली, व एकेकाचा बंदोबस्त होत गेला. सांध्याभोवती बधिरतेचे इंजेक्शन, रक्तस्रावासाठी ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, नळ्यांना फाटा, आणि भूल उतरताच काही तासांत वॉकर. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विमायोजनेने २०१८ मध्ये गुडघ्याची आणि २०२० मध्ये खुब्याची शस्त्रक्रिया सक्तीच्या भरतीच्या यादीतून काढली. शस्त्रक्रियेच्याच दिवशी रजा देण्याचा निर्णय आता पुष्कळसा भौतिकोपचारतज्ज्ञाच्या हाती आला, ही मला या साऱ्या स्थित्यंतरातली सर्वांत न्याय्य गोष्ट वाटते. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबता येतो का, लघवी सुटली का, कोणाच्या आधाराविना पलंगावरून उठता येते का, आणि पायऱ्या चढताना धडधाकट पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे डोक्यात बसले का, हे पाहिल्यावाचून तो रुग्णास सोडीत नाही.

परंतु ही परीक्षा रुग्णालयाच्या सपाट फरशीवर होते. कळसमधल्या जुन्या वाड्याचा उंबरठा वॉकरच्या पायांना अडतो, शौचकूप अंगणापलीकडे असतो, पाहुणा आला की सतरंजी अंथरली जाते आणि तिच्यावर मांडी घालण्याचा मोह अनावर होतो. पालखीच्या वाटेवरील बेलवाडीच्या रिंगणाला यंदा जाता येईल का, हा प्रश्न तर टाके निघण्यापूर्वीच विचारला जातो. शिवाय बधिरता उतरते ती बहुधा रात्री, म्हणजे पुण्यापासून शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून घरी पोचल्यावर आणि नातलग पांगल्यावर. म्हणून पुण्या-मुंबईच्या निवडक, निरोगी रुग्णास लाभणारी त्याच दिवशी घरी जाण्याची मुभा आमच्या बाजूच्या माणसाने जशीच्या तशी मागू नये, असे माझे मत आहे. पहिली रात्र पुण्यातच काढावी. तत्पूर्वी घरी उंच खुर्ची, कमोड आणि न्हाणीत धरावयाचा दांडा यांची तजवीज करावी, आणि बारामती अथवा भिगवणच्या बाजूने दररोज घरी येणारा फिजिओथेरपिस्ट शस्त्रक्रियेची तारीख घेण्याच्या आधी ठरवावा.