व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, मॉडेलर आणि धारूरची वीज

लग्नसराईत धारूरचा घाट चढणाऱ्या ऑर्केस्ट्राच्या टेम्पोत काय काय असतं? ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, बेंजो आणि आता बऱ्याचदा एक इलेक्ट्रिक गिटारही. त्या गिटारची वायर एका चपट्या डिजिटल पेडलमध्ये, म्हणजे अ‍ॅम्पची नक्कल करणाऱ्या मॉडेलरमध्ये, जाते आणि तिथून थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला. काचेच्या नळ्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा किंवा ट्यूबचा, अ‍ॅम्प त्या टेम्पोत सापडणं कठीण. पण गिटार वाजवणारा पोरगा रात्री मोबाइलवर जे व्हिडिओ बघतो, त्यांत एकच गोष्ट त्याच्या कानी पडत असते: खरा टोन ट्यूबचाच, बाकी सगळी नक्कल. मग मॉडेलरमधून कितीही चांगलं वाजलं तरी मनात रुखरुख राहते. ही रुखरुख बरीचशी ऐकीव गोष्टींवर उभी आहे. थोडी मात्र खरी आहे.

व्हॉल्व्ह आपल्याकडे अनोळखी नाही. बटण फिरवल्यावर जरा वेळाने बोलू लागणारा घरातला जुना रेडिओ आठवत असेल, तर तो थोडा वेळ आतल्या तारा तापायला लागायचा. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, समोरच्या पट्टीकडे धावतात आणि मधल्या जाळीवर दिलेला बारीकसा सिग्नल त्या लोंढ्यावर हुकूम चालवतो. ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये ही जाळी बसवली आणि पुढे तिच्यामुळे आवाज मोठा करता येऊ लागला. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले, पण लगेच पुढच्या वर्षी तिथे जर्मेनियम सेमीकंडक्टरही बनू लागले. रेडिओने व्हॉल्व्ह सोडला. सोडला नाही तो मुख्यतः गिटारवाल्यांनी, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. बाकी सगळ्यांना आवाज फाटायला नको होता. यांना तो नेमका फाटायलाच हवा होता.

लिओ फेंडरने पन्नासच्या दशकात अ‍ॅम्प बनवले ते स्वच्छ आवाजासाठी. वाजवणाऱ्यांनी नॉब शेवटपर्यंत फिरवले आणि जे ऐकू आलं त्याच्या प्रेमात पडले. १९६२ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात जेटीएम४५ तयार झाला, तो फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पचं सर्किट समोर ठेवून. रॉकचा जगप्रसिद्ध ‘अस्सल’ आवाज असा एका नकलेतून निघाला, हे नकलेला नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

“व्हॉल्व्हमध्ये सम हार्मॉनिक असतात, म्हणून तो गोड लागतो”

हे अर्धवट खरं आहे. हार्मॉनिक म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतले वरचे सूर; सम पटीतले ते सम, विषम पटीतले ते विषम. अ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्यातला एकटा ट्रायोड, उदाहरणार्थ १२एएक्स७, लाटेची वरची आणि खालची बाजू सारखी वाकवत नाही. त्यातून सम हार्मॉनिक येतात. पण मोठ्या अ‍ॅम्पच्या शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्ह जोडीने, एक ढकलतो तर दुसरा ओढतो अशा पद्धतीने काम करतात, आणि त्या टप्प्यात तयार होणारे सम हार्मॉनिक या रचनेत बऱ्याच अंशी एकमेकांना खोडून काढतात. आपण ज्याला मार्शलचा दणका म्हणतो त्यात विषम हार्मॉनिकचा वाटा मोठा आहे. गोडवा जास्त करून येतो तो फाटण्याच्या चालीतून. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प एकदम फाटत नाही, हळूहळू फाटत जातो. हलक्या हाताने छेडलं तर स्वच्छ, जरा जोर दिला की किंचित खरखर, आणखी दिला की पूर्ण फाटलेला.

आणि ट्रान्झिस्टर म्हणजे कोरडा, हेही सरसकट खरं नाही. रोलंडचा जेसी-१२० हा अ‍ॅम्प १९७५ चा, पूर्ण ट्रान्झिस्टरचा, आणि स्वच्छ आवाजासाठी आजही लोक तो मुद्दाम शोधतात.

“शंभर वॉट म्हणजे पन्नासच्या दुप्पट आवाज”

नाही. वॉट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. व्हॉल्व्हचा वॉट मोठा असतो म्हणतात, त्यातही जादू नाही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प ठरलेल्या मर्यादेपलीकडे रेटला तरी कानाला सुसह्य फाटतो, म्हणून आपण तो रेटतो. फेंडरने २०१९ मध्ये आपल्या ट्विन रिव्हर्ब या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची डिजिटल आवृत्ती काढली. मूळ अ‍ॅम्प ८५ वॉटचा. त्याची बरोबरी करायला डिजिटलमध्ये २०० वॉटचा पॉवर अ‍ॅम्प घातला. वजन मात्र सुमारे २९ किलोवरून १५ किलोवर आलं. एसटीच्या टपावर सामान चढवलेल्या माणसाला त्या १४ किलोंचं मोल वेगळं सांगायला नको.

“डिजिटल आवाजाला पायऱ्या असतात”

पडद्यावर दाखवतात त्या पायऱ्या कानापर्यंत येत नाहीत. सेकंदाला ४८,००० वेळा मोजलेला सिग्नल २४ किलोहर्ट्झपर्यंतचा सगळा आवाज पकडू शकतो आणि बाहेर पडताना तो सलग लाट होऊनच पडतो. शिवाय गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने मान टाकतो. म्हणजे ज्या बारकाव्यांवरून वाद चालतो त्यातले कित्येक स्पीकरच गिळून टाकतो.

डिजिटलचा खरा दोष दुसराच होता. आवाज फाडला की नवे, खूप वरचे हार्मॉनिक तयार होतात. ते मोजणीच्या मर्यादेबाहेर गेले की उलटे फिरून खाली येतात आणि सुराशी नातं नसलेली किरकिर होऊन बसतात. जुन्या स्वस्त पेडलमध्ये वरच्या तारांवर जे चिरकं काहीतरी ऐकू यायचं, त्यात याचा वाटा असायचा. आत कितीतरी जास्त वेगाने मोजणी करून आता हा दोष आटोक्यात आणतात, पण त्यासाठी तगडी चिप लागते. लाइन ६ चा पॉड १९९८ चा, फ्रॅक्टलचा अ‍ॅक्स-एफएक्स २००६ चा, केम्परचा प्रोफायलर २०११ चा. पॉड ऐकून बनवलेलं मत आजच्या यंत्राला लावणं अन्यायाचं आहे.

या यंत्रांची पद्धतही एक नाही. काही यंत्रं सर्किटमधला एकेक भाग गणिताने मांडतात, त्यामुळे नॉब फिरवला की मूळ अ‍ॅम्पसारखं वागतात. केम्पर खऱ्या अ‍ॅम्पमध्ये ठरावीक आवाज सोडून त्याचं प्रोफाइल घेतो. ते प्रोफाइल म्हणजे फोटो: ज्या क्षणी नॉब जिथे होते तिथला हुबेहूब चेहरा, पण मान वळवायला सांगितली तर अंदाजच. न्यूरल नेटवर्कला व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचं वागणं शिकवण्याचे प्रयोग फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर नावाचं फुकट, खुलं सॉफ्टवेअर याच वाटेवरचं. ते साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि धारूरमध्ये बसून हा सगळा वाद स्वतःच्या कानाने तपासायचा असेल तर इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.

“आवाज जमला, पण हाताला तो ‘फील’ नाही”

सगळ्यांत जास्त बोललं जातं ते यावर, आणि खरी गोष्ट दडलीय तीही इथेच. फील म्हणजे काही गूढ नाही. तार छेडल्यावर अ‍ॅम्प हाताला उत्तर कसं देतो, त्याचं ते नाव आहे, आणि त्याचे भाग सुटे करून पाहता येतात.

एक भाग दबण्याचा. जोरात कॉर्ड मारली की व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या आतलं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. सुरुवातीचा ठोका दबतो आणि मागून सूर फुगून वर येतो. पण हे प्रत्येक व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये सारखं नसतं. ज्यात वीज सरळ करायलाही व्हॉल्व्हच वापरलेला असतो, त्या लहान अ‍ॅम्पमध्ये ते ठळक. शंभर वॉटच्या मार्शलमध्ये तिथे सिलिकॉन डायोड असतात, तो फारसा दबत नाही. ‘ट्यूबचा फील’ अशी एक वस्तू नाहीच.

दुसरा भाग स्पीकरचा. स्पीकरवर ८ ओम लिहिलेलं असलं तरी तो सगळ्या सुरांना ८ ओम नसतो. खर्जात एका ठिकाणी आणि मग वरच्या पट्टीत त्याचा अडथळा वाढतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प त्या चढउतारांबरोबर वाहवत जातो, त्यामुळे खर्ज आणि वरची धार आपोआप उठावदार होते. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प स्पीकरला अशी भीक घालत नाही. चांगले मॉडेलर हा हिशेब आता आत करून टाकतात.

तिसरी तक्रार उशिराची: डिजिटलमध्ये सूर मागून येतो. हिशेब करून पाहा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मॉडेलरला ३ मिलिसेकंद लागले, तर ते स्पीकरपासून एक मीटर लांब उभं राहण्याइतकं झालं. स्टेजवर गिटारवाला अ‍ॅम्पपासून त्याहून लांबच उभा असतो आणि त्याबद्दल कधी कुरकुर करत नाही. हां, ब्लूटूथच्या हेडफोनवर वाजवाल तर उशीर नक्की जाणवेल. तो दोष मॉडेलरचा नाही.

आता जे खरोखर उरतं ते. मोठ्या आवाजात समोरचा स्पीकर हवा हलवतो, ती हवा गिटारच्या तारा हलवते आणि सूर मरायचं नाव घेत नाही. हे चिपमधलं गणित नाही, खोलीतलं आहे. त्याच मॉडेलरला गिटारचा खरा स्पीकर जोडून तितक्याच जोरात वाजवलं, तर तेही मिळतं. आणि कानही मोठ्या आवाजात खर्ज जास्त ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं. बहुतेक लोक तुलना करतात ती दणदणीत वाजणाऱ्या अ‍ॅम्पची आणि हेडफोनमधल्या मॉडेलरची. ही तुलनाच नव्हे. मॉडेलर बहुतेक वेळा देतो तो अ‍ॅम्पसमोर माइक लावून ध्वनिमुद्रित केलेला आवाज. आवडत्या रेकॉर्डवर आपण तोच ऐकलेला असतो. अ‍ॅम्पशेजारी उभं राहून पायाला जाणवणारा आवाज फार थोड्यांच्या वाट्याला आलेला आहे.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प रंगात येतो तो आवाज वाढवल्यावर. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. भिंतीला भिंत लागून असलेल्या गल्लीत, रात्री दहानंतर, तो रंग शेजारच्या आजोबांना समजावून सांगण्यापेक्षा हेडफोन बरा.

“पेडल थेट साउंडला जोडलं की कर्कशच वाजणार”

वाजतं खरं, पण त्याचं कारण पेडलमधला स्पीकरचा हिस्सा, म्हणजे कॅबिनेट, बंद असतो हे. फाटलेल्या गिटारच्या आवाजात वरची किरकिर भरपूर असते आणि ती कापायचं काम गिटारचा स्पीकर करतो. मंडपातल्या साउंडचे हॉर्न मात्र ती सगळी इमानदारीने समोरच्या वऱ्हाडाच्या कानात ओततात. मिक्सरला जोडताना पेडलमधलं कॅबिनेट चालू ठेवायचं. त्यात ती सोय नसेल, तर मिक्सरवर ५-६ किलोहर्ट्झच्या वरचं कापून टाकायचं. उलट, तेच पेडल गिटारच्या अ‍ॅम्पला जोडलं तर कॅबिनेट बंद, नाहीतर दोन स्पीकर एकावर एक होऊन आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. मधे पेडल न लावता गिटार मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला लावली तर ती निस्तेज होते, कारण तिच्या पिकअपला सुमारे १० लाख ओमचा इनपुट लागतो. इतकं सांभाळलं तरी निम्म्या तक्रारी मिटतील असं मला वाटतं.

“वीज काय, दोघांनाही सारखीच”

परदेशी व्हिडिओंत हा मुद्दा येतच नाही. आपल्याकडे मात्र याने निकाल लागतो. व्हॉल्व्हची तापतार ६.३ व्होल्टवर चालते आणि तिला साधारण दहा टक्के इकडेतिकडे चालतं. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पमध्ये हे व्होल्टेज मेनच्या प्रमाणात वरखाली होतं. शेतीपंप सुरू होऊन २३० चे १८० झाले की तारेवर उरतात सुमारे ४.९ व्होल्ट. कॅथोड नीट तापत नाही, आवाज मरगळतो. जनरेटर बिथरून २६० वर गेला तर ७.१ होतात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. मॉडेलरचा अडॅप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टचा असतो. १८० वर तो ढिम्म हलत नाही, पण २६० त्याच्याही हद्दीबाहेरच.

गिटारवादक एडी व्हॅन हॅलेन मात्र आपल्या मार्शलचं व्होल्टेज व्हेरिअ‍ॅक नावाचं यंत्र लावून मुद्दाम उतरवायचे. त्यांच्याकडे १२० व्होल्टची वीज असे, ते ती ९० च्या आसपास आणत. अमेरिकेत ज्या कमी व्होल्टेजसाठी वेगळं यंत्र विकत घ्यावं लागलं, ते आपल्याकडे संध्याकाळी आपोआप यायचं. फरक एवढाच की त्यांचा हात नॉबवर होता, आपला नसतो.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घेतलाच तर चांगला स्टॅबिलायझर आणि खरं अर्थिंग हवंच. आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहू शकतात. उघडून बघण्याची हौस जिवावर बेतू शकते. व्हॉल्व्ह आता मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. एखादा ईएल३४ ऐन हंगामात गेला तर तो मागवेपर्यंत लग्नं उरकलेली असतात.

म्हणून मॉडेलर टिकाऊ, असंही नाही. साठच्या दशकातले फेंडर आज वाजतायत, कारण त्यांतला प्रत्येक भाग डाग देऊन बदलता येतो. मॉडेलरची चिप गेली किंवा कंपनीने सॉफ्टवेअर द्यायचं थांबवलं, तर गावातल्या रेडिओ मेकॅनिकला हात टेकावे लागतात. घाटातून फिरणाऱ्या ऑर्केस्ट्राच्या गिटारवाल्याला आज मी मॉडेलरच घ्यायला सांगेन, आणि पैसे उरलेच तर स्टेजवर त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला, फक्त त्याच्यासाठीचा एक मॉनिटर स्पीकर.