छापखाना पळवणारे वाचक

वृत्तपत्र पटेनासं झालं की वाचक ते बंद करतो. न्यूझीलंडमधल्या माओरींनी १८६३ मध्ये सरळ छापखानाच उचलून नेला!

झालं असं, की १८५९ मध्ये ‘नोव्हारा’ या ऑस्ट्रियन जहाजातून दोन माओरी युरोपात गेले, व्हिएन्नाच्या शाही छापखान्यात छपाई शिकले आणि सम्राट फ्रान्झ जोसेफकडून चक्क एक छपाईयंत्र भेट मिळवून आले. त्याच यंत्रावर माओरी राजाच्या पक्षाचं ‘ते होकिओई’ हे वृत्तपत्र निघू लागलं. इंग्रज सरकारला ते झोंबलं. जॉन गॉर्स्ट या अधिकाऱ्याने ‘ते आवामुतू’ या गावातून माओरी भाषेतच उत्तर काढलं. पत्राचं नाव ‘छपरावरची एकटी चिमणी’. चिमणी जरा जास्तच चिवचिवली. पाचव्या अंकाची छपाई चालू असतानाच राजपक्षाची माणसं आली आणि यंत्र, खिळे, छापलेले कागद, सगळं घेऊन गेली. ‘चिमणी’च्या अंकांचा अख्खा संच जमवू म्हणणाऱ्या संग्राहकाने हे आधी वाचावं.

प्रशांत महासागरातल्याच हवाईची तऱ्हा वेगळी. ‘का लामा हवाई’ हे तिथलं पहिलं वृत्तपत्र १४ फेब्रुवारी १८३४ रोजी माउई बेटावरच्या लाहाइनालुना शाळेत निघालं. छापणारे विद्यार्थीच! त्यात चौपाया प्राण्यांची लाकडी ठशांची चित्रं असत. त्यातले कित्येक प्राणी बेटावर कुणी पाहिलेही नव्हते. पुढे १८६१ मध्ये खुद्द हवाईयन लोकांनी चालवलेल्या पत्राचा संपादक होता कालाकाउआ. हे गृहस्थ १८७४ मध्ये राजे झाले आणि १८८१ च्या जगप्रवासात मुंबईलाही येऊन गेले. संपादकाला एवढी बढती क्वचितच मिळते.

फिजीच्या लेवुका गावात १८६९ मध्ये सुरू झालेल्या ‘फिजी टाइम्स’ची मिजास तर औरच. आंतरराष्ट्रीय वाररेषा जवळच, म्हणून ‘आज जगात सर्वांत आधी निघणारं वृत्तपत्र’ हे बिरुद!

संग्राहकांसाठी एक उलटी गंमत. १८३४ चा कागद १८९० च्या कागदापेक्षा धडधाकट निघू शकतो. जुना कागद चिंध्यांचा, तर नंतरचा लाकडाच्या लगद्याचा. तो पिवळा पडतो आणि घडीवर तुकडे होऊन हातात येतो. दमट हवा आणि वाळवी आहेतच. तेव्हा जुनाट, तपकिरी दिसतो म्हणून अंक जास्त जुना समजून पैसे मोजू नका.

आणि पैसे मोजायचेच नसतील, तर न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘पेपर्स पास्ट’ संग्रहात जुनी माओरी वृत्तपत्रं फुकट बघायला मिळतात.