उघड्या मानेची कोंबडी आणि घरचे अंडे

मानवतच्या कोणत्याही वस्तीत सकाळी डालगे उचलले, की खालून पाच कोंबड्या पाच तऱ्हेच्या निघतात. एक तांबडी, एक काळी, एक कबरी. एकीचा तुरा करवतीसारखा उभा, दुसरीचा बसका. पाय कुणाचे पिवळे, कुणाचे काळपट. फार्मवरच्या पांढऱ्या कोंबड्या मात्र एका साच्यातल्या. ही सरमिसळ कुणी ठरवून केलेली नाही. जी उन्हात टिकली, मांजराच्या तावडीतून सुटली, तिचीच पिले पुढे आली.

यात उघड्या मानेची कोंबडी पुष्कळांना रोगट वाटते आणि ती पडत्या भावात विकली जाते. ती रोगट नसते. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापते आणि उघड्या कातडीतून उष्णता बाहेर टाकते. हिच्या अंगावर पिसेच कमी, म्हणून मे महिन्यात पारा 40 च्या वर गेला की हिला त्रास कमी. हा एकाच जनुकाचा गुण आहे. मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा झुपका असेल, तर तो गुण बहुधा आईबापांपैकी एकाकडूनच आलेला. उलटी पिसेसुद्धा अशीच जन्मजात. काळी किंवा उलट्या पिसांची कोंबडी उताऱ्यासाठी मागत येणारे अजून आहेत. त्यांना दारातूनच परत पाठवा.

आता अंड्याकडे येऊ. कवचाच्या रंगावर पोषण ठरत नाही. बलक गडद होतो तो हिरवा पाला खाल्ल्याने. गावठी अंडे साधारण 40 ग्रॅमचे, फार्मचे त्याहून मोठे. वजनाच्या मानाने प्रथिने सारखीच. म्हणून एक गावठी अंडे विकून फार्मची दोन येत असतील, तर खुशाल विका. फक्त ती दोन लेकरांच्या आणि गरोदर सुनेच्या ताटात पडली पाहिजेत, नीट उकडून. पैसे रिचार्जला गेले तर कोंबडी पाळून काय मिळवले?

गावठी कोंबडी काटक असली तरी मानमोडीपुढे तिचे काही चालत नाही. आणि मरायला टेकलेली कोंबडी घाईने कापून खायची सवय आपल्या घरांत आहे, ती सोडावी लागेल. जानेवारी 2021 मध्ये आपल्याच जिल्ह्यात मुरुंब्याला शेकडो कोंबड्या मेल्या, तो बर्ड फ्लू निघाला. एकदम मर लागली तर हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. खुराडे झोपायच्या आणि स्वयंपाकाच्या जागेपासून लांब ठेवा, विष्ठा काढल्यावर साबणाने हात धुवा.

मानमोडीची लासोटा लस पिलू आठवड्याचे झाले की डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात. बाटली मात्र शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. सात पिलांसाठी ती फोडणे एका घराला परवडत नाही. गल्लीतल्या सगळ्यांनी एक सकाळ ठरवावी, वर्गणी काढावी आणि लस बर्फात ठेवून आणावी.