जुना की नवा?

भातकापणी उरकली की भिवंडी तालुक्यातल्या गावांत कबड्डी सुरू होते. खाचराचे बांध सपाट करायचे, लाल माती पसरायची, पाणी मारून रोलर फिरवायचा आणि दोरी ताणून फक्की मारायची. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. दोन्ही लांब कडांना आतून एकेक मीटरची पट्टी सोडतात, तिला लॉबी म्हणतात. रात्री दहा-अकराला दव पडू लागतं, पाय घसरू लागतात, आणि पहिल्यांदा पुसली जाते ती हीच लॉबीची रेष. मग पंच अंदाजानं बोट दाखवतात, एका बाजूचं पब्लिक उभं राहतं आणि कुणीतरी ओरडतं, ‘अरं, पॉइंट कोनाचा?’

७ ऑक्टोबर २०२३ च्या दुपारी हाच प्रश्न हांगझोऊच्या मॅटवर पडला. आशियाई स्पर्धेतला पुरुषांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण, २८-२८ अशी बरोबरी आणि घड्याळात जेमतेम एक मिनिट. भारताचा पवन सेहरावत चढाईला गेला. तिसरी चढाई होती, म्हणजे आधीच्या दोन कोऱ्या गेलेल्या. गुण आणला नाही तर चढाईपटूच बाद. पवन कोणाला हात न लावताच लॉबीत गेला आणि त्याच्या पाठोपाठ चार इराणी बचावपटूही गेले.

इथं लॉबीचा कायदा समजून घ्यायला हवा, कारण रोज सामने बघणारेही इथे अडखळतात. चढाईपटू आणि बचावपटू यांचा स्पर्श होईपर्यंत लॉबी मैदानाबाहेर धरतात. स्पर्श झाला की तीच पट्टी मैदानात येते. म्हणजे एकच जमीन, एका क्षणी आऊट, दुसऱ्या क्षणी आत. जुन्या नियमानं स्पर्शाविना लॉबीत जाणारा प्रत्येक जण बाद, मग तो चढाईपटू असो की त्याच्या मागे धावलेला बचावपटू. प्रो कबड्डीत रुळलेला नवा नियम सांगतो, की चढाईपटू असा लॉबीत शिरला त्याच क्षणी चढाई संपली. बाद तो एकटाच, मागून कोण आलं याचा हिशेब नाही.

जुन्या नियमानं भारताला ४ आणि इराणला १. नव्यानं इराणला १ आणि भारताच्या हाती भोपळा. निकाल एकदा इकडे झुकला, एकदा तिकडे. ज्याच्या विरुद्ध जाई तो संघ मॅटवर बसकण मारी. तासाभराचा खोळंबा झाला. हे सगळं आमच्या गावच्या मैदानांवर इतक्या वेळा पाहिलंय, की मला तरी आशियाई स्पर्धा पहिल्यांदाच घरची वाटली. अखेर जुना नियम धरला आणि भारत ३३-२९ नं जिंकला. त्या संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते. त्याच सकाळी महिलांनी चायनीज तैपेईला २६-२५ असं एका गुणानं हरवलं होतं, आणि ते त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक होतं.

एका गुणाची किंमत एवढी असण्याचं कारण कबड्डीच्या गुणलेखनात आहे. जुन्या काळी खेळाच्या तीन तऱ्हा होत्या. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होई. दुसऱ्या तऱ्हेत बाद झालेला, सगळा संघ संपेपर्यंत बाहेरच बसे. अमरमध्ये कुणी बाहेर जातच नसे, फक्त गुण मांडायचे. आजची कबड्डी संजीवनीवर उभी आहे. पण गंमत अशी, की बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटला तर दोन्ही संघांना पाच-पाच चढाया देतात आणि त्यात कुणी बाद होऊन बाहेर जात नाही. म्हणजे निर्णायक घडीला अमरच परत येतो. निदानरेषा, म्हणजे चढाईपटूला ओलांडावीच लागते ती रेष, तीच तेव्हा बोनसरेषा होते. तरीही कोंडी फुटली नाही तर नाणेफेक करून एक सुवर्ण चढाई.

एरवी बोनस मिळतो तो समोर सहा किंवा सात बचावपटू असतानाच. कोणालाही न शिवता, नुसता पाय बोनसरेषेपलीकडे नेऊन गुण! उलट तीन किंवा कमी गडी उरले आणि त्यांनी पकड केली, तर अव्वल पकडीचे दोन गुण. हरत चाललेल्या संघाला दिलेली ही मुभा आहे, आणि म्हणून लोण चढायच्या बेतात असलेला संघच अनेकदा सामना उलटवतो. सातही गडी बाद झाले तर लोणाचे दोन गुण वेगळे.

कॅनडाच्या फुटबॉलमध्ये असाच एक चमत्कारिक गुण आहे. त्यांचा खेळ अमेरिकन फुटबॉलचा चुलतभाऊ, पण गडी १२. गोलखांबांमधून मारायचा चेंडू हुकला आणि तो समोरच्यांना मागच्या पट्ट्यातून बाहेर काढता आला नाही, तर हुकवणाऱ्यालाच एक गुण. त्याला रूज म्हणतात. त्यामुळे २०२५ पर्यंत बरोबरी असताना शेवटच्या सेकंदाला चेंडू नुसता मागे धाडणं हाही डाव ठरायचा, आणि बचाव करणारा गुण टाळायला तोच चेंडू लाथेनं परत बाहेर मारायचा. गडी मोजण्याच्या नियमानंही तिथं सामना फिरलाय. २००९ च्या ग्रे कपमध्ये, म्हणजे तिथल्या अंतिम सामन्यात, माँट्रियल २५-२७ असं मागे होतं आणि त्यांची शेवटची किक हुकली. समोरच्या सस्कॅचवानचे खेळाडू नाचायला लागले. तेवढ्यात पंचांना दिसलं, की त्यांचे मैदानात १३ जण आहेत. किक पुन्हा, तीही जवळून, माँट्रियल २८-२७.

नियमावर सामना फिरतो, तसे माणसांचे गोटही फिरतात. २०१८ ला जकार्त्यातल्या आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी भारताला २७-२४ असं हरवून सुवर्ण नेलं, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आणि हांगझोऊच्या त्या दुपारनंतर दोनच दिवसांनी मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव सुरू झाला. त्या वादात मॅटवर असलेल्या इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला पुणेरी पलटणनं २ कोटी ३५ लाखांना घेतलं. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पलटणनं हरियाणाला २८-२५ असं नमवून पहिलं विजेतेपद पटकावलं. कर्णधार अस्लम इनामदार आणि त्याच्या शेजारी हात धरून शादलू.

त्याच हिवाळ्यात शेजारच्या गावात सामने होते. नाणेफेक झाल्यावर पंचांनी दोन्ही कर्णधारांना लॉबीत उभं केलं आणि विचारलं, ‘जुना खेळायचा, का नवा?’ एक म्हणाला जुना. दुसरा त्याच दमात नवा. पंचांनी दोघांकडे पाहिलं, मग मंडपाकडे तोंड करून पोराला हाक मारली, ‘आधी फक्कीची गोणी आण रं.’