भोंगा वाजला, पुढे काय?

अकोल्याच्या जठारपेठेतील एखाद्या वयोवृद्ध गृहस्थास भोंगा म्हटले की गिरणीची पाळी आठवेल. संकटसूचक भोंग्याची भाषा मात्र निराळी असून ती ठाऊक नसेल तर तो केवळ गोंगाट ठरतो. नागरी संरक्षणाच्या पद्धतीनुसार आवाज चढत-उतरत दोन मिनिटे चालला, तर तो धोक्याचा इशारा होय. एकाच सुरात दोन मिनिटे चालला, तर धोका टळला असे समजावे. १९७१ च्या युद्धकाळात मुंबईकरांच्या कानांना हे दोन्ही सूर परिचयाचे झाले होते. ७ मे २०२५ रोजी राज्यातील निवडक ठिकाणी त्यांचा पुन्हा सराव झाला.

वऱ्हाडास खरी धास्ती आहे ती पुराची आणि विजेची. २१ जुलै २०२१ च्या रात्री अकोल्यात अतिवृष्टी होऊन मोर्णाकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्यापूर्वी ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड येथे २०४ जणांचा बळी घेतला. ही नदी अमरावती जिल्ह्याचीही सीमा आहे.

अशा वेळी धोका आहे एवढेच भोंगा सांगतो. पाणी किती चढले, कोणत्या वाटेने निघावे, हे त्यास सांगता येत नाही. म्हणून त्याच्या जोडीस ध्वनिक्षेपक, भ्रमणध्वनीवरील संदेश आणि खेड्यांत दवंडी हवीच. दवंडीस जुनाट म्हणून हिणवू नये. वीज गेली तरी ती चालते.

घरातील तयारी फारशी खर्चाची नाही. शिधापत्रिका, सातबारा, बँकेचे पुस्तक ही कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावीत. विजेरी, नित्याची औषधे, चणे-फुटाणे व पिण्याचे पाणी हाताशी असावे. घर सोडताना विजेचा मुख्य खटका व गॅसची टाकी बंद करावी. पुलावरून पाणी वाहत असता बैलगाडी वा मोटार घालण्याचे साहस अनेकांच्या जिवावर बेतले आहे. विजा कडाडत असता झाडाचा आसरा घेऊ नये. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक दारामागे लिहून ठेवावा.

सर्वांत अवघड प्रश्न अंथरुणाला खिळलेल्या माणसांचा असतो. मध्यरात्री त्यांना कोणी उचलायचे, हे ऐनवेळी ठरत नाही. ग्रामपंचायतीने अशा घरांची यादी करून प्रत्येक घरासाठी दोन धडधाकट शेजारी पावसाळ्यापूर्वीच नेमावेत आणि त्यांना ते घर एकदा रात्री दाखवून आणावे.